तीन फुटांची नोकरी

अर्थशास्त्र शिकवताना बेकारीचे प्रकार फळ्यावर लिहावे लागतात. हंगामी, संरचनात्मक, छुपी, सुशिक्षित. इतकी वर्षं लिहितो आहे की हात आपोआप चालतो. पण माझे मामेसासरे यांपैकी कोणत्या खान्यात बसतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनाच विचारावं, तर आपण कधी बेकार होतो हेच त्यांना मान्य नाही.

मामाजी बालाघाटचे. आपल्याकडे बालाघाट म्हटलं की लोकांना मराठवाड्यातला डोंगर आठवतो. हे गाव मध्य प्रदेशातलं, वैनगंगेजवळचं. कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरायचं, तिथून पुढे आणखी चाळीसेक किलोमीटर. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिकडे नागपूर मुंबई राज्यात आलं, पण शेजारचं बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. त्यामुळे सासुरवाडीच्या त्या गोतावळ्यात मला कधी परकं वाटलं नाही. आपण मराठीत बोलता बोलता कानडीत भांडतो, ते हिंदीत भांडतात, एवढाच फरक.

मामाजींच्या पोटापाण्याचं गणित समजायला रेल्वेचे रूळ समजले पाहिजेत. गोंदियाहून जबलपूरला जाणारी छोटी लाइन विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, आपल्या बार्शी लाइटइतकंच. २००५-०६ च्या सुमारास गोंदिया ते बालाघाट एवढा तुकडा मोठा झाला, साडेपाच फुटांचा. पुढे नैनपूर-जबलपूरकडे मात्र छोटीच गाडी. म्हणजे बालाघाटला प्रत्येकानं उतरायचं. ट्रंका, पोती, लेकरं, लग्नाचा आहेर सगळं घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. तिथे मामाजी उभे. बिल्ला नव्हता, पण लाल सदरा स्वतःच्या पैशानं शिवलेला. साडेपाचातून अडीच गेले, उरले तीन. या तीन फुटांवर त्यांनी घर चालवलं.

२०१५ मध्ये छोटी लाइन बंद झाली. मोठे रूळ पडायचे म्हणजे ती बंद व्हायलाच हवी होती. त्यात कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. लोक आनंदात होते. मामाजीही होते. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांना उचलायला सामान नव्हतं.

त्यानंतर कुणीही विचारलं, "काय मामाजी, काय चाललं आहे?" की उत्तर ठरलेलं. "सध्या लाइन ब्लॉक हाय." सिग्नल पडायचा तेवढा बाकी, अशा सुरात. सकाळी दाढी करून, लाल सदरा घालून ते स्टेशनवर जात. गोंदियाची गाडी आली की उभे राहत, गेली की बसत. दुपारी डबा खायला घरी. मामी म्हणायच्या, "नवऱ्याची ड्युटी चुकत नाही, पगारच चुकतो."

एकदा मी त्यांना सांगितलं, आमच्या मिरजेला एके काळी तिन्ही रूळ होते. मोठी लाइन, मीटरगेज आणि कुर्डुवाडीची छोटी. मामाजी चहाचा कप हातात धरून बघत राहिले. "तीन? एकाच टेशनात?" मनातल्या मनात वजाबाक्या चालल्या असाव्यात. "जवाईबापू, हे तुमी मले आधी कायले नाही सांगितलं जी?" तिथंही आता सगळी मोठीच लाइन आहे, हे ऐकल्यावर त्यांनी चहा संपवला.

घर चालत होतं ते मामींच्या सुपावर. त्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात. निपाणीकडच्या वाचकांना यात नवं काही नाही. तेंदूचं पान भिजवायचं, साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, पंचवीसचा कट्टा करायचा. मजुरी हजारावर. सट्टेदार माल बघून घेतो आणि न आवडलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. छाटीची मजुरी नाही. कार्ड मामींच्या नावावर. मामाजी त्या सुपाकडे बघतसुद्धा नसत, निदान दिवसा.

२०१८ च्या मे महिन्यात त्यांच्या मुलीला बघायला मंडळी यायची होती. वजन पडावं म्हणून मला बोलावलं, जावई प्रोफेसर आहेत ना! सकाळी मामाजी माझ्याकडून कानडी शिकायला बसले, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. "कामाले काय म्हणता जी तुमच्या कानडीत?"

"केलस."

"कैलास?" मामाजी हसायलाच लागले. "मंजे तुमच्याकडेही काम मेल्यावरच मिळते!"

संध्याकाळी पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या काकांनी विचारलं, "आपण काय करता?"

"रेल्वे," मामाजी म्हणाले.

"कोणत्या खात्यात?"

"ट्रान्सशिपमेंट."

"म्हणजे पेन्शन असेल."

"सध्या लाइन ब्लॉक हाय."

मी पोह्यातल्या शेंगदाण्यांकडे बघत होतो. माझं अर्थशास्त्र त्या वेळी काहीच कामाला आलं नाही. तेवढ्यात मुलगीच बोलली. खाली मान घालून बसलेली होती, ती मान तिनं वर केली. "बाबा हमाल होते. काम सुटलं. आता रात्री आईसोबत विड्या वळतात."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. पाहुणे "कळवतो" म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. पुढच्या वर्षी तिचं दुसरीकडे झालं, चांगलं झालं, तो विषय वेगळा.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर मागच्या खोलीत दिवा. दार लोटलेलं. मामाजी लाल सदरा काढून बनियनवर बसलेले, मांडीवर सूप, बोटं भराभर चाललेली. मुलगी शेजारी कट्टे बांधत होती. दोघंही गप्प. मला बघून मामाजी जरा सावरून बसले.

"ओव्हरटाइम," म्हणाले.

मुलीनं मान फिरवली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला उंबऱ्यावरून दिसलं नाही.

२०२१ मध्ये मोठ्या लाइनवरून थेट गाड्या जायला लागल्या. बालाघाटला आता कुणाला गाडी बदलावी लागत नाही. मामाजी स्टेशनवर गेले होते म्हणे. लाल सदरा, इस्त्री केलेला. लांब पल्ल्याची गाडी आली, थोडं थांबली, गेली. कुणी सामान घेऊन धावलं नाही. ते घरी आले, सदरा घडी करून पेटीत ठेवला आणि मामींना म्हणाले, "ब्लॉक संपला. मी आजपासून रिटायर." मग दुकानातून पावशेर पेढे आणून त्यांनी गल्लीत वाटले. निरोप समारंभ! शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले, कुणी काही विचारलं नाही. तिकडची माणसं तशी समजूतदार.

मागच्या दिवाळीत आम्ही गेलो, तर मामाजी भर दुपारी बाहेरच्या ओसरीवर सूप घेऊन बसलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, "या जी, बसा," म्हणत विड्या वळत होते. रिटायर माणसाला काही तरी छंद पाहिजे, असं त्यांनी मला समजावलं. शेजारी छाटीचा ढीग होता. त्यातली एक त्यांनी पेटवली.

"मामाजी, मग पेन्शन?" मी विचारलं.

त्यांनी धूर सोडत विडी वर धरून दाखवली. "हेच ना जी."

आतून मामींचा आवाज आला. "पेन्शनवाले, मघाच्या कट्ट्यात चोवीसच हायत. पुन्हा मोजा."