बापलेकांचे खडे

चिरंजीवांना साडेसाती लागली, तेव्हा हिनं नीलम घ्यायचं ठरवलं. सराफानं पांढऱ्या कागदाची पुडी सोडली.

"तापवलेला आहे का हो?" मी विचारलं.

"बहुतेक तापवलेलेच असतात, साहेब. न तापवलेल्याचा भाव ऐकून गिऱ्हाईकच तापतं!"

गंमत अशी, की नीलम आणि माझ्या बोटातलं माणिक, दोन्ही मुळात एकच, कुरुंद. क्रोमियमनं लाल, लोह-टायटॅनियमनं निळं. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. आणि पुराणात हे बापलेक, तेही हाडवैरी. चिरंजीव सहा महिने माझ्याशी बोलत नव्हते.

नीलम आधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहायचा, असा रिवाज. चौथ्या सकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, खरा आहे ना हा?"

"प्रयोगशाळेचा दाखला आहे."

"मग तुमचं माणिकही एकदा तपासून घ्या!"