बायच्या कानातली भुणभुण

आमच्या चर्चच्या बाजूच्या दारापाशी पायऱ्यांच्या जागी उतरण बांधली गेली, तेव्हा तिच्यावर उजेडाची पाटी बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मालवणात तीस वर्षे मी वायरमनकी केली. शिवाय मी पैसे घेणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. निळ्या ॲक्रिलिकवर पांढरी चाकाची खुर्ची, शेजारी कान आणि ‘टी’ हे अक्षर. (खुर्चीची ही आकृती सुझॅन कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ साली काढली. तिच्या मूळ चित्रातल्या माणसाला डोकेच नव्हते. ते नंतर जोडले गेले.) कानाच्या खुणेचा अर्थ असा की, आत बाकांभोवती तारेचा एक वेढा बसवला आहे, आणि श्रवणयंत्राचे बटण ‘टी’वर केले की ध्वनिक्षेपकातले शब्द थेट यंत्रात उतरतात. पाटी पेटली तेव्हा लोकांनी कौतुक केले. मीही ते संकोच न करता स्वीकारले.

पुढच्या काही रविवारी माझी थोरली बहीण पुढच्या बाकावर दिसेना. आधी ती मागे बसू लागली, मग मिस्साला येईनाशीच झाली. गुडघे दुखत असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली. शेवटी तिच्या ओसरीवर चहा पिताना विचारले, तेव्हा ती म्हणाली, “रे, तुझी पाटी माझ्या कानात भुणभुणता. फादरचा कायच आयकाक येना नाय.”

मी हसलो. “बाय, यंत्राचा सेल बदल,” म्हटले. तिने सेल बदलला; भुणभुण गेली नाही.

अखेर एका दुपारी चर्च रिकामे असताना तिचे यंत्र मी माझ्या कानाला लावले आणि बटण ‘टी’वर केले. भिंतीत गांधीलमाश्यांचे पोळे असावे तसा आवाज! पाटीचा स्विच बंद केला तशी शांतता. पुन्हा चालू केला, पुन्हा पोळे. तीस वर्षांच्या अनुभवाला त्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

दोष पाटीत होता, पण त्याहून अधिक माझ्या तारांत होता. ‘टी’वर ठेवलेले यंत्र आवाज ऐकत नाही, ते चुंबकीय क्षेत्र ऐकते. फेज आणि न्यूट्रल या दोन तारा एकमेकींना चिकटून धावल्या तर त्यांची क्षेत्रे उलटसुलट असल्याने एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. मी मात्र वायर वाचवण्यासाठी फेज डाव्या भिंतीवरून आणला होता आणि न्यूट्रल समोरच्या भिंतीवरच्या जुन्या पॉइंटवरून घेतला होता. म्हणजे लूपसारखाच दुसरा वेढा मी अजाणता बाकांभोवती घातला होता. पाटीतला स्वस्त ड्रायव्हर वीज सलग न घेता झटक्याझटक्याने खेचत होता. ते झटके या वेढ्यातून बायच्या कानात जात होते.

डोळ्यांचीही तीच कथा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कच्च्या ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. जुन्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नसे. एलईडी मात्र तत्काळ मंदावतो. तपासायला मीटर लागत नाही. केरसुणीतला एक हीर घेऊन पाटीच्या उजेडात झपझप हलवावा: एका हिराचे दहा हीर दिसले तर दिवा लुकलुकतो आहे. बंद डब्यात वैशाखाच्या उकाड्याने ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो, तेव्हा ही लुकलुक मंद होऊन उघड दिसू लागते, आणि ती अधिक वाईट. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप काहींना अपस्माराचा झटका आणू शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात दूरदर्शनवरचे एक कार्टून पाहून सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दीप मुद्दाम उघडझाप करतो, कारण त्यावरूनच तांडेल त्याला ओळखतो. दारावरच्या पाटीला असली ओळख कशाला हवी?

दुरुस्तीला दोन दिवस लागले. दोन्ही तारा एकमेकींना पिळून एकाच नळीतून नेल्या. चांगला, सलग प्रवाह देणारा ड्रायव्हर आणला. तो लोखंडी पेटीत घालून पेटीला अर्थिंग दिले आणि पेटी लूपपासून दूर, बाहेरच्या भिंतीवर बसवली. रात्री उजेड सौम्य व्हावा म्हणून मी हौसेने लावलेला डिमर काढून टाकला, कारण तोही उजेड तोडून तोडूनच कमी करत होता. त्याऐवजी आत दुधी पत्रा घातला. समुद्राच्या खाऱ्या हवेने हिरवे पडलेले न्यूट्रलचे जोड खरवडून नव्याने आवळले.

मग बायला बोलावले. माझ्या कानांवर माझाच विश्वास उरला नव्हता. ती पुढच्या बाकावर बसली, मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून काय बोलावे ते न सुचल्याने महिन्यांची नावे म्हणू लागलो. ऑगस्टपाशी तिने हात वर केला. “पुरे. आयकाक येता.”

एक काम मात्र राहिले आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले. त्या अंधारानंतर चर्चला इन्व्हर्टर आला, पण तो स्वस्तातला, चौकोनी लहरींचा. वीज गेली की पाटी त्याच्यावर चालते आणि भुणभुण परतते. तेवढा वेळ बाय बटण ‘टी’वरून काढून हात मांडीवर ठेवून बसते. साइन वेव्ह इन्व्हर्टरचा विषय मी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला आहे. पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे.