चौथ्या बाइटचं ऋण

त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत, मीही तेच म्हणते. डेटाबेसचं जे काही थोडंफार कळतं, ते त्यांच्यामुळे.

मायएसक्यूएलमधल्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. खऱ्या यूटीएफ-८ला चार लागू शकतात. मराठी माणसाच्या हे ध्यानात यायचं कारणच नव्हतं, कारण मराठीला लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं. नावं, पत्ते, तक्रारी सगळं सुखरूप. कुणी इमोजी टाकला की मात्र तिथून पुढचा मजकूर गायब, आणि डेटाबेस वॉर्निंग देऊन गप्प. इमोजीपायी एवढा खटाटोप कशाला, असं ऑफिसातलं मत होतं. मॅडमनी चाचणीला मोडीतली एक ओळ घातली. मोडी २०१४ साली युनिकोड ७.०मध्ये आली, आणि तिचं प्रत्येक चिन्ह चार बाइटांचं. ओळ अख्खी गेली. मग कुणी वाद घातला नाही.

उपाय तयार होता. २०१० साली, ५.५.३ आवृत्तीत, चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ आला होता. जुन्या नावाला हात न लावता, शेजारी. मला हा भित्रेपणा वाटे. चूक आहे ना, मग सुधारा! मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. इनोडीबीत इंडेक्सच्या कॉलमला तेव्हा ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ गुणिले तीन, ७६५: बसतं. २५५ गुणिले चार, १०२०.

“रात्रीत अर्थ बदल,” त्या म्हणाल्या, “आणि सकाळी किती लोकांच्या जुन्या स्क्रिप्टा टेबलच बनवत नाहीत ते बघ.”

तेव्हा जो तो २५५चं १९१ करून मोकळा होई. मॅडम आधी प्रत्येक कॉलममधली सर्वांत लांब नोंद काढायला लावत. लांब नोंदी असल्या तर कॉलम तसाच ठेवून इंडेक्स फक्त पहिल्या १९१ अक्षरांवर. पण तो इंडेक्स युनिक असेल, तर पहिली १९१ अक्षरं सारखी असलेल्या दोन वेगळ्या नोंदी त्याला एकच वाटणार. असे कॉलम त्या स्वतः तपासत. टेबलं झाली की पीएचपीच्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट. तो जुना राहिला, तर चौथा बाइट टेबलापर्यंत पोचतच नाही.

२०१८ साली मायएसक्यूएल ८.०ने एमबी४ हाच डीफॉल्ट केला. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. मी उत्साहाने फोन केला.

“आणि नुसतं ‘यूटीएफ८’ लिहिलं तर?”

“अजून तीनच बाइट, मॅडम.”

“चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही.