अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं एम्. ए.

आम्ही लोट्यास राहतों. मुंबई-गोवा हमरस्त्यानें खेडहून चिपळुणास जातांना परशुराम घाटाच्या अलीकडे जी कारखान्यांची वसाहत लागते, ती लोटे-परशुराम. श्रीक्षेत्राच्या नांवाशीं रसायनांचें नांव असें कायमचें जोडलें गेलें आहे. त्याच वसाहतींतील एका कारखान्यांत आम्ही चोवीस वर्षें नोकरी करीत आहों. काम सांडपाण्याच्या व परवानग्यांच्या कागदपत्रांचें. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आम्हीं उमेदीचीं वर्षें सरकारशीं पत्रव्यवहार करण्यांत घालविलीं, असें म्हटलें तरी चालेल. हें सरकार म्हणजे काय वस्तु आहे तें एकदां मुळापासून शिकावें, या इच्छेनें आम्हीं मुक्त विद्यापीठाच्या लोकप्रशासनाच्या एम्. ए. साठीं नांव घातलें. तेव्हांपासून घरींदारीं एकच प्रश्न आमच्यापुढें येतो : आतां याचा उपयोग काय?

प्रश्न वाजवी आहे. आमचा पुतण्या राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो आहे; त्याच्या वाचनास घरांत अभ्यास म्हणतात, आमच्या वाचनास छंद. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांतील मेज आम्हां दोघांत वांटलें जातें, आणि दिव्याखालची बाजू त्याच्या वांट्यास येते, यावरूनच घराचें मत कळावें. आमच्या सौ. मात्र प्रथमपासून आमच्या बाजूच्या. त्यांची अट एकच, कीं गणपतीचे दिवस आणि आंब्याच्या पेट्या भरण्याचे दिवस या दोन काळांत पुस्तक उघडूं नये. ती अट आम्हीं पाळली. परीक्षेच्या वेळापत्रकास मात्र ती कोणीं कळविली नव्हती.

नोकरी सांभाळून शिकणें पूर्वींइतकें दुर्घट राहिलें नाहीं, हें खरें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालें आणि १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाणांच्या नांवाचें. त्यापूर्वीं कोंकणांतल्या माणसास असल्या शिक्षणासाठीं बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे, म्हणजेच नोकरीवर पाणी सोडावें लागे. खरी अडचण निराळीच आहे. तरुण विद्यार्थी पुस्तकांतलें वाक्य वाचतो व लक्षांत ठेवतो. आमच्यासारखा तें वाचून थबकतो आणि मनाशीं म्हणतो, 'असें कोठें होतें?' या थबकण्यास परीक्षेंत गुण नाहींत.

या शास्त्राचा आरंभ अमेरिकेंतील वुड्रो विल्सन यांच्या १८८७ सालच्या एका निबंधापासून धरण्याची वहिवाट आहे. हे गृहस्थ पुढें त्या देशाचे अध्यक्ष झाले. राजकारण निराळें, कारभार निराळा. काय करावें तें राज्यकर्त्यांनीं ठरवावें आणि नोकरवर्गानें तें नीट तडीस न्यावें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. आम्हीं हें अण्णांना, म्हणजे आमच्या तीर्थरूपांना, समजावून सांगितलें. १९६२ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्याच वर्षीं अण्णा तेथें कारकून म्हणून लागले. त्यांनीं डोळे मिटून सर्व ऐकलें आणि विचारलें, "या गृहस्थानें बदल्यांचा मोसम कधीं पाहिला होता काय?" जर्मनीचे माक्स वेबर मात्र त्यांना पसंत पडले. लेखी नियम, ठरलेली उतरंड, प्रत्येक गोष्टीची नस्ती, हें ऐकून ते म्हणाले, "हा माणूस कचेरींत बसलेला दिसतो."

कायदा कसा वाचावा हेंही आम्हांस पुस्तकानें नव्हे, अण्णांनींच शिकविलें. आधीं परंतुक वाचावें, मग कलम. कारण अर्जदाराचें काम अडतें तें परंतुकांत. आणि आम्हीं आमच्या वहीच्या पहिल्या पानावर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणाचें सार टिपून ठेवलें आहे. गलबतांस लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, कारण तीं झाडें तिनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घेणेंच झालें तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें. सरकारी कामाची निकड आणि रयतेचा हक्क यांची सांगड याहून थोडक्यांत घातलेली आम्हीं अद्याप वाचली नाहीं.

आतां लोट्याकडे वळूं. वसाहतीच्या हद्दीवरील एखाद्या नाल्याकांठीं उभें राहून आसपास सत्ता कोणाकोणाची, हें मोजूं लागावें. आंतली जमीन १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची. तेथें घरमालक तेंच आणि नियोजन करणारेंही तेंच. पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी १९७४ च्या कायद्याखालीं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सामुदायिक सांडपाणी केंद्र कारखानदारांच्या सहकारी संस्थेचें. कामगाराच्या सुरक्षिततेस निराळें संचालनालय. पलीकडची पिण्याची विहीर ग्रामपंचायतीची, आणि पाणी पुढें खाडीस मिळालें कीं मासळीचा प्रश्न मत्स्यव्यवसाय खात्याचा. ग्रामपंचायतीस कारखान्यांकडून करांऐवजीं ठोक रक्कम घेतां यावी, अशी तरतूद १९५८ च्या अधिनियमांत केली गेली. म्हणजे गांवास द्रव्य मिळण्याची सोय झाली, पण कुंपणाच्या आंत पाहण्याचा अधिकार दुसऱ्याकडेच राहिला. प्रत्येकाची हद्द नकाशावर आंखतां येते. पाणी तेवढें नकाशा पाहून वाहत नाहीं.

खालच्या वाडींतील एक बाई गतवर्षीं बाटलींत विहिरीचें पाणी घेऊन आमच्या ओटीवर आल्या. पाण्यास वास येतो, एवढेंच त्यांचें म्हणणें. दोन कचेऱ्यांतून त्या परत फिरल्या होत्या. "हें आमच्याकडे येत नाहीं" असें दोन्हीकडे सभ्यपणें सांगितलें गेलें होतें, आणि कायदा पाहतां दोन्ही उत्तरें बरोबर होतीं! "भाऊ, तुम्ही शिकतां ना, मग अर्ज कोणाच्या नांवें करूं तेवढें सांगा," असें त्या म्हणाल्या. आमच्या प्रबंधाचा विषय त्या क्षणीं ठरला : एका विहिरीच्या तक्रारीचा कचेऱ्यांतून होणारा प्रवास.

हें कारखान्यांत कळलें. वरिष्ठ आम्हांस गोडीनें म्हणाले, "पंचायत राज्य घ्या, महिलांचे बचत गट घ्या, विषय काय थोडे आहेत?" यापेक्षां अधिक कांहीं बोलले नाहींत, आणि बोलण्याची गरजही नव्हती. धाकटे बंधू घरीं उघडच बोलले. घराचें कर्ज फिटावयाचें आहे, मुलीचें अभियांत्रिकीचें दुसरें वर्ष आहे, आणि पन्नाशींत दुसरी नोकरी कोण देतो? त्यांच्या बोलण्यांत खोटें कांहींच नव्हतें. सौ. काहीं न बोलतां उठून गेल्या. ती रात्र आम्हां सर्वांस जड गेली.

सकाळीं अण्णांनीं टांचण मागितलें, दोनदां वाचलें आणि पेन्सिलीनें त्यांतील कारखान्यांचीं नांवें एकूणएक खोडलीं. पाणी कोणीं बिघडविलें हा शोध रसायनशास्त्राचा आहे. तुझा विषय कारभाराचा. अर्ज केव्हां आला, कोणाकडे गेला, किती दिवस पडून राहिला, एवढेंच लिही. आणि तेंही माहितीच्या अधिकारानें मिळालेल्या कागदांवरूनच लिही, आपल्या नोकरींतल्या एका कागदासही शिवूं नकोस, असें त्यांनीं बजावलें. तो अधिकार २००५ सालचा, म्हणजे अण्णा निवृत्त झाल्यानंतरचा. पण त्याचेंही परंतुक त्यांना ठाऊक होतें. बंधूंचें पूर्ण समाधान झालें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून मेजावरचा दिवा मधोमध ठेवलेला दिसूं लागला. तो कोणीं सरकविला हें आम्हीं विचारलें नाहीं.

विषयास मार्गदर्शकांची संमति आली आहे. बाईंचा अर्ज सध्यां तिसऱ्या कचेरींत आहे. त्याचा आवक क्रमांक व तारीख आम्हीं वहींत लिहून ठेवली आहे, आणि दर सोमवारीं पुतण्या कॉलेजच्या वाटेवर चौकशी करून येतो.