न्हाणीघरातली हमरीतुमरी

चित्रातल्या न्हाणाऱ्या बाईनं एकटं असावं, देखणं असावं आणि कुणी पाहतंय हे ठाऊक असल्यासारखं जरासं वळावं, असा चित्रकारांचा जुना शिरस्ता. जपानच्या ओचिआई योशिइकूनं १८६८ साली तो पार धुडकावला. त्याच वर्षी एदो शहराचं तोक्यो झालं, शोगुन म्हणवणाऱ्या लष्करी शासकांची सत्ता गेली. आणि योशिइकूच्या तीन तावांच्या चित्रात, यानागियु नावाच्या स्नानगृहात, बायकांची जुंपलेली! अंगावर चिंधी नाही, तरी लाजायला सवड कुणाला? थेट नळावरचं भांडण.

अशी चित्रं म्हणजे बाजाराचा माल. प्रकाशकानं पैसा घालायचा, चित्रकारानं रेखाटायचं, कोरक्यानं चेरीच्या फळ्या कोरायच्या, छपाईवाल्यानं एकेका रंगाची फळी कागदावर दाबायची. कपड्यांवर, भिंतींवर रंगांची चैन. बायकांची कांती मात्र बहुधा कोरा कागदच. जे पाहायला गिऱ्हाईक यायचं, तेवढंच नेमकं न छापलेलं! मला ही गंमत फार आवडते.

योशिइकू काही साधू नव्हता. उघडं अंग खपतं, हे त्याला आणि त्याच्या प्रकाशकाला पक्कं ठाऊक असणार. भांडण ही सबबच. पण त्या सबबीतून बायका त्याच्या हातून निसटल्या. संतापलेली बाई कुणासाठी सुंदर दिसत बसत नाही. आपल्याकडे बघणाऱ्याची तिला पर्वाच नसते.

बघणाऱ्यांची पंचाईत निराळीच. अमेरिकी नौदलाच्या कमोडोर पेरीच्या जपान मोहिमेचा अधिकृत वृत्तांत १८५६ साली अमेरिकेत छापला गेला. त्यात मोहिमेवरचा चित्रकार विल्हेल्म हाइने याच्या चित्रावरून केलेला, जपानमधल्या शिमोदा गावच्या स्नानगृहाचा शिळाछाप होता. बायका-पुरुष एकत्र, आपापलं अंग घासण्यात गर्क. तिकडे गहजब झाला आणि पुढच्या प्रतींतून ते पान गळालं. पुढे १८७२ मध्ये तोक्योच्या सरकारनंही एकत्र स्नानावर दंड बसवला. परदेशी पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून.

म्हणजे अंघोळ तीच, पाणी तेच. बदलला तो फक्त उंबऱ्यात उभा राहिलेला पाहुणा. त्याच्या नजरेची शिक्षा न्हाणाऱ्यांना झाली. म्हणूनच योशिइकूच्या त्या भांडकुदळ बायका मला शहाण्या वाटतात. त्या पाहुण्याला आत या म्हणत नाहीत आणि त्याच्यासाठी पदरही शोधत नाहीत. आधी भांडण मिटवायचं. त्याचं काय ते तो बघून घेईल.