सर्दीची सोयरीक

आमच्या धाराशिव जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पौषात शाळूच्या पानांवर दंव चकाकते. हरभऱ्यावर रात्रभर फडके पसरून बायका पहाटे आंब पिळून घेतात. थंडीची आमची मजल एवढीच. तरीही थंडीच्या शब्दांवरून आमच्या घरात एकदा वाद झालाच.

आजोबा निजामी अमलात उर्दू शाळेत शिकलेले. कडाका वाढला की म्हणायचे, "आज सर्दी फार आहे." आजी म्हणायची, "हिंव वाजतंय." १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. नंतर एका दिवाळीत भाषाशुद्धीचे अभिमानी असे एक पाहुणे आले. आजोबांना म्हणाले, "राज्य गेले, आता हा परका शब्दही जाऊ द्या. शिशिर म्हणा!" आजोबा काही बोलले नाहीत; पण पुढे चारचौघांत बोलताना ते शब्द चाचपू लागले. पिकल्या केसांचा माणूस स्वतःच्याच ओसरीवर अडखळतो, हे मला फार लागले.

मोठेपणी व्युत्पत्तीचा नाद लागला, तेव्हा आजोबांना साक्षीदार भेटला, आणि तो कुठे? थेट बाल्टिक समुद्राकाठी! लाटव्हियात पीक करपवणाऱ्या गोठलेल्या दंवाला 'साल्ना' म्हणतात आणि थंडला 'साल्ट्स'. भाषाशास्त्रज्ञ या शब्दांचे नाते दोन ठिकाणी जोडतात. एक फारसी 'सर्द', ज्याची आपली सर्दी. आणि दुसरा, वाचकहो, संस्कृत 'शिशिर'! संस्कृतातल्या 'श'च्या जागी फारसीत आणि लाटव्हियनमध्ये 'स' येतो. शंभराला आपण 'शत' म्हणतो, फारसीत 'सद', लाटव्हियनमध्ये 'सिम्ट्स'. म्हणजे पाहुण्यांनी ज्याला घरात घेतले आणि जिला दाराबाहेर काढले, ती दोघे एकाच कुळातली भावंडे!

आजीचे हिंवही मागे नाही. ते संस्कृत 'हिम'. आणि लाटव्हियात हिवाळ्याला म्हणतात 'झिएमा', तोही हिमाचाच भाऊबंद.

शिशिर पोथीतून आला, सर्दी कचेरीतून आली, हिंव जात्यापाशी राहिले. दारे निराळी, गोत्र एक. आणि समजा, गोत्र निराळे निघाले असते, तरी काय? ज्या शब्दाने माणूस जन्मभर आपली थंडी सांगत आला, तो त्याचाच. आजोबा हे ऐकायला राहिले नाहीत. पण आता आमच्या ओसरीवर कोणी 'सर्दी' म्हटले, तर त्याला हटकायची कोणाची छाती नाही.