शाल नको, वाकळ शिवा

चि. छकुलीस,


तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून ‘लिहून कळवते’ एवढंच म्हणाले. तुमच्या सोसायटीतल्या माजी सैनिकांचा १४ जानेवारीला सत्कार करायचा आणि त्यासाठी साताऱ्यातून घाऊक भावात शाली न्यायच्या, असा तुमचा बेत आहे. तारीख फार चांगली धरलीत. आपल्या लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख करिअप्पा १९५३ साली त्याच दिवशी सेवेतून निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. शिवाय संक्रांतही त्याच सुमाराला येते. पण शाली घेऊ नका. का, ते सविस्तर लिहिते.

तुझ्या काकांच्या कपाटात वरचा खण सत्काराच्या शालींनी भरला आहे. शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या, पतसंस्थेतल्या, गणेशोत्सव मंडळातल्या. त्या देणाऱ्यांच्या मनात आदर होता, यात मला शंका नाही. पण त्यातली एकही काकांच्या अंगावर दुसऱ्यांदा गेलेली मी पाहिली नाही. तो कपडा थंडी अडवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती शाल खांद्यावर घालताना काकांना कुणी काही विचारलेलं नसतं. कुठल्या पलटणीत होता, कुठे कुठे राहिलात, गुडघा कशाने गेला, काही नाही. नाव पुकारतात, फोटो निघतो, पुढचं नाव येतं. काका घरी येऊन घडी माझ्या हातात देतात आणि बूट काढायला बसतात.

रात्री मात्र ते पांघरतात ती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शिवलेली वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी. काका बेळगावला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आले, तेव्हा आत्याबाईंनी ती शिवायला घेतली. पलटणीत कांबळी मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. सासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले होते. तरी त्यांनी शिवली. खाली स्वतःचं विटकं लुगडं, मधे सासऱ्यांचं धोतर, वर हिरव्या काठाचं दुसरं लुगडं. होल्डॉलमध्ये ती वाकळ नागालँडला गेली, पूंछला गेली, आणि काका पेन्शनवर आले तेव्हा काळ्या पत्र्याच्या ट्रंकेतून घरी आली. तिची वरची बाजू मी दोनदा बदलली. टाके आतले अजून आत्याबाईंचेच आहेत.

आता तू म्हणशील, आमच्या सोसायटीत वाकळ शिवणार कोण? तुम्ही शिवाल. नोव्हेंबर अजून संपलेला नाही. दोघी-तिघी दुपारच्या बसल्या तर एक वाकळ दोन-तीन आठवड्यांत होते, आणि एकेका घरानं एकेक माणूस वाटून घेतला तर जानेवारीपर्यंत सगळ्या होतील. रीत सांगते. कापड सुतीच घ्या आणि जुनं घ्या. नव्या कापडाची वाकळ पहिल्या धुण्यात आटते आणि वळ्या पडतात. नायलॉनची, सिंथेटिकची साडी दिसायला छान, पण ती अंगावरून घसरते नि घाम टिपत नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्रभर ओढत बसावी लागते. साड्या स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. फरशीवर अस्तर पसरा, चारी कोपऱ्यांना वजन ठेवा, त्यावर मधले थर एकेक करून हाताने सारखे करत आणा, मग वरची बाजू. आधी मोठ्या टाक्यांनी कच्चं करून घ्या, नाहीतर आतलं कापड गोळा होतं. मग कडेपासून धावदोरा घालत चौकटीत चौकट करत मध्याकडे या. दोन ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर पुरे. दोऱ्याला मेण लावलंत तर गाठी पडत नाहीत. टाका वाकडा गेला तरी उसवू नका, पक्का घाला.

हे झालं हाताचं काम. खरं काम त्याच्या आधीचं आहे. वाकळ शिवायची तर माणसाचं माप लागतं. उंची किती, पलंगावर निजतात की खाली, कुठल्या कुशीवर, पाय गार पडतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं. हे विचारायला त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. मला वाटतं, सत्कार इथेच होतो, खुर्च्या मांडायच्या कितीतरी आधी.

आपल्या आळीतले नाना तुला आठवत असतील, तोफखान्यातले. त्यांच्यासाठी वाकळ शिवताना मी विचारलं, कुठल्या कुशीवर निजता? म्हणाले, ‘‘उजव्या. डावा कान थोडा शिल्लक आहे, तो वर ठेवतो.’’ मग सांगू लागले. १९७१ च्या युद्धात छांबला रात्रंदिवस गोळे चालले होते, कानात घालायला कापूस मिळेना, म्हणून बनियन फाडून त्याच्या चिंध्या कोंबल्या. चिंधी पडली की दुसरी फाडायची, असं करत अंगावर बनियनच उरलं नाही. सून आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. नानांचं ऐकू न येणं म्हातारपणाचं, असंच घरात सगळे धरून चालले होते. आता त्यांच्या वाकळीला डाव्या हाताशी एक खिसा आहे, कानाचं यंत्र नि छोटी बॅटरी ठेवायला. दुकानातल्या पांघरुणाला असा खिसा कसा असेल?

१९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. आत्याबाई विणायला शिकल्या त्या तेव्हाच. ते स्वेटर कुणाच्या अंगावर गेले हे विणणाऱ्यांना कधी कळायचं नव्हतं; पोरं बर्फात होती आणि घाई होती, म्हणून अंदाजाने विणले नि पाठवले. ते योग्यच होतं. पण तुमचे माजी सैनिक शेजारच्या इमारतीत राहतात. लिफ्टमध्ये रोज भेटतात. त्यांना अंदाजाने का द्यायचं?

शिवताना तीन गोष्टी पाळा. वाकळीवर, उशीवर, रुमालावर तिरंगा भरू नका. कितीही प्रेमाने भरला तरी तो ध्वजाचा अवमान ठरतो. राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात उशी-रुमालावर ध्वजाचं भरतकाम करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. फौजी माणसाला ते पाहून त्रासच होईल. दुसरं, कुणाचा जुना युनिफॉर्म कापून ठिगळं लावू नका, आणि बाजारात मिळतं ते फौजी छापाचं कापडही नको. ते अंगावर चढवायचा हक्क त्यांनी घाम गाळून मिळवलेला असतो. पलटणीची खूण हवीच असेल तर तिचे रंग काठाला लावा. काकांच्या वाकळीला मी लाल-हिरवी पट्टी जोडली, त्यांच्या टोपीवरच्या तुऱ्याच्या रंगाची. ते काही बोलले नाहीत, पण आता पांघरताना ती बाजू नेमकी वर घेतात. तिसरं, नाव घालायचं तर हुद्द्यासकट घाला. हवालदार असेल तर हवालदार, सुभेदार असेल तर सुभेदार. ‘काका’, ‘आजोबा’ ते सगळ्यांचेच आहेत.

वाकळच हवी असंही नाही. एका घरी विचारलंत तर कळेल की त्यांच्याकडे पांघरुणं पुष्कळ आहेत, पण २६ जानेवारीला कोटाला मेडल लावली की छातीचं कापड ओघळतं. मग त्यांच्या कोटाला डाव्या बाजूने आतून बकरम लावून द्या. तासाभराचं काम आहे. मेडल ठेवायला मऊ फ्लॅनेलची, कप्प्याकप्प्याची गुंडाळी शिवा, म्हणजे एकावर एक घासत नाहीत. सियाचीनला आपली फौज १९८४ पासून आहे. तिथे राहून आलेल्या एखाद्याच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली असतील, तर त्याला पायाकडे दुहेरी थराची वाकळ हवी.

तू खडकीजवळ राहतेस म्हणून आणखी एक. तिथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. मणक्याला इजा होऊन कमरेखाली ताकद गेलेले जवान तिथे राहतात. पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते १९४४ चं. तिथे काही न्यायचं मनात असेल तर आधी कार्यालयात विचारा, आणि एवढं ध्यानात ठेवा: ज्या अंगाला संवेदना नाही तिथे शिवणीचा उंचवटा, गाठ, बटण, काहीही टोचलं तर माणसाला कळत नाही, आणि तेवढ्यावरून जखम होते. ती भरता भरत नाही. म्हणून बसायच्या गाद्या घरी शिवू नका, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतात. मांडीवर घ्यायचं पांघरूण शिवलंत तर आखूड शिवा, चाकात अडकणार नाही असं. खुर्चीच्या हाताला अडकवायची पिशवी फार उपयोगी पडते. पाण्याची बाटली, चष्मा, फोन तिच्यात राहतो. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन असेच अपंग झाले, मग पोहायला लागले आणि १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये देशाचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी आणलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मोठे सन्मान फार उशिरा येतात गं. आपण लहान माणसांनी तरी उशीर करू नये.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. तुमच्या यादीत फक्त पुरुषांची नावं आहेत. तुमच्याच सोसायटीत एक वीरपत्नी राहतात, असं तूच मागे सांगितलं होतंस. त्यांना का वगळलं? त्याच आठवड्यात तुमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होईल, वाण लुटलं जाईल, आणि तिथेही त्यांना बोलावणं जाणार नाही. नवरा देशासाठी गेला म्हणून स्टेजवर बोलवायचं आणि नवरा गेला म्हणून हळदीकुंकवाला टाळायचं, हे मला सहन होत नाही. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी गाव आहे, घरटी फौजेत माणूस देणारं. त्याच तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हे विधवांच्या बाबतीत आमच्या गावात होणार नाही. एका गावाला जमलं ते एका सोसायटीला जमेल. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात शहीद झाले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे परीक्षा देऊन, ट्रेनिंग पूर्ण करून २०१७ मध्ये स्वतः फौजेत अधिकारी झाल्या. अशा बायकांना आपण कुठल्या ओळीत बसवतो, ते एकदा सगळ्याजणींनी मिळून ठरवा.

वाण म्हणून त्यांना शिवलेलंच काही द्या. एखाद्या वीरमातेकडे मुलाचा सदरा जपून ठेवलेला असतो. तो मागू नका. तिने आपणहून हातात दिला आणि याचं काही कर म्हणाली, तरच कात्री लावा, आणि तेव्हाही तिला शेजारी बसवून. पहिला टाका तिला घालू द्या.

अपशिंग्याला आपण तुझ्या लहानपणी गेलो होतो. त्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. आपल्या भागात अशी दगडी पाटी बऱ्याच गावांत दिसते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडा कोरलेला असतो, नावं नसतात. त्यांच्या आया, बायका कोण होत्या, त्यांनी पुढे कसं निभावलं, हे तर कुणी लिहूनच ठेवलं नाही. आता ते विचारायला कुणी उरलं नाही. तुमच्या सोसायटीतली माणसं अजून आहेत. १९७१ ला विशीत असलेले आज पंचाहत्तरीला टेकले किंवा तिच्या पुढे गेले.

तेव्हा या रविवारी एक वही घे आणि घरोघर जाऊन ये. नाव, हुद्दा, पलटण, उंची, निजायची कूस, काय दुखतं, काय लागतं, एवढं लिहून आण. वीरपत्नींच्या घरी सगळ्यात आधी जा. वहीचे फोटो काढून मला पाठव. कुणाला काय शिवायचं ते मी कळवते. माझ्याकडे आत्याबाईंची दोन मऊ लुगडी अजून ठेवलेली आहेत, ती एसटीने पाठवते. शालींसाठी काढलेली वर्गणी परत करा, किंवा ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबरचा ध्वजदिन जवळच आला आहे.

तुझी,
काकू